बसाप्पाचे सुटे भाग

नवरी एकटी कधी येत नाही. तिच्यामागून करवली येते, पाठराखीण येते, रुखवत येतं आणि मानपानावरून रुसलेला एखादा मामाही येतो. सुधारणेचं तसंच आहे. एक भाग नवा आणला की त्याच्या शेजारचा एकाएकी म्हातारा दिसू लागतो. तो बदलावा तर पलीकडचा खोकायला लागतो. हे ज्ञान मला कुठल्या ग्रंथातून झालं नाही. ते झालं निपाणीत, आमच्या सोप्यात, जमिनीवर अंथरलेल्या जुन्या वर्तमानपत्रावर, वीतभर लांबीच्या एका यंत्रमानवाच्या सहवासात. यंत्रमानव म्हणणं म्हणजे जरा फारच झालं. दोन पिवळी चाकं, मागे टेकायला एक लोखंडी गोळी, पारदर्शक ॲक्रिलिकची फळी, तिच्यावर वायरींचं जंजाळ आणि पुढे दोन मोठे गोल डोळे. सिनेमातले यंत्रमानव मानवजातीला गुलाम करायला निघतात. आमचा उंबऱ्यापर्यंत जातो आणि तिथे विचारात पडतो.

माझी भाची शिक्षणासाठी आमच्याकडे असते, सध्या नववीत आहे. तिच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब आहे. नीती आयोगाने २०१६ साली ही योजना काढली आणि सहावी ते बारावीच्या मुलांनी स्वतःच्या हातांनी काही करून पाहावं म्हणून निवडलेल्या शाळांना वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान ठेवलं. त्या वीस लाखांतला एक कण उडून आमच्या घरात आला, तो म्हणजे हा नाद. लॅबमधली वस्तू लॅबमध्येच ठेवावी लागते, म्हणून वाढदिवसाला तिने स्वतःचा किट मागून घेतला. डब्यातून ॲक्रिलिकची फळी निघाली ती तपकिरी कागदात गुंडाळल्यासारखी, म्हणजे कागद तिला दोन्ही अंगांनी चिकटलेला. तो नखाने सोलता सोलता अख्खी दुपार गेली. लसणाच्या पाकळीला जसं साल सोडवत नाही, तसं त्या कोपऱ्यांना कागद सोडवत नव्हता. सगळं जोडून झाल्यावर दोन स्क्रू उरले. कुठल्याही किटमधून दोन स्क्रू उरतातच, आणि ते कुठले, हे कधीच कळत नाही. विश्वाची रचना करतानाही काही उरलं असणार. ते कुठल्या डबीत ठेवलंय, कुणास ठाऊक.

आमच्या वेळी किट नव्हता. टेपरेकॉर्डर मरायची वाट पाहावी लागे. घरातला किंवा शेजाऱ्यांचा टेपरेकॉर्डर एकदाचा गेला की त्याच्या पोटातल्या मोटारीवरून मुलांमध्ये जी वारसाहक्काची भांडणं होत, ती कोर्टात जायचीच काय ती बाकी राहत. ज्याला ती मिळे तो गल्लीचा राजा. पत्र्याच्या तुकड्याचं पातं, दोन पेन्सिल सेल आणि तंबाखूच्या वखारीमागची सावली, एवढ्या भांडवलावर आम्ही पंखा फिरवायचो. वारा लागत नसे. पण त्या पंख्यासमोर डोळे मिटून बसलेली मुलं मला आजही दिसतात. वारा लागत असल्याचा अभिनय सगळे एकमेकांचा मान राखण्यासाठी करायचे. मोटार बदलून मोठी बसवावी, असं तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही. दुसरा टेपरेकॉर्डर मरायला हवा होता ना.

यंत्राला बसाप्पा हे नाव आईने दिलं. किटबरोबर चौकोनी, नऊ व्होल्टची बॅटरी आली होती. दिसायला ऐटबाज, पण दमाने फार कमी. मोटारी फिरायला लागल्या की एकदम करंट ओढतात. तेवढा तिला देववत नाही, व्होल्टेज खाली येतं आणि मेंदूचं काम करणारा बोर्ड डोळे मिटून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. त्यामुळे हा चार बोटं जायचा, थांबायचा, दिवा लुकलुकवायचा, आणि आपण कोण, कुठून आलो याची उजळणी करून परत चार बोटं जायचा. आई उंबऱ्याशी बसून हे बघत होती. म्हणाली, “ह्यो तर सारखा बसतूयाच की. बसाप्पाच म्हना ह्येला.” आमच्या भागात एका कट्ट्यावरच्या गप्पांत वाक्य मराठीत सुरू होतं आणि कन्नडमध्ये संपतं, त्यामुळे दोन्हीकडून बसणारं हे नाव लगेच रुळलं. गल्लीतल्या खऱ्या बसाप्पांना कळलं तेव्हा त्यांतले एक मुद्दाम बघायला आले, थोडा वेळ यंत्राकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “माझंबी असंच हाय. बॅटरीचाच प्रॉब्लेम.”

बसाप्पाचा मेंदू इटलीचा. म्हणजे निदान त्याची कल्पना तरी. उत्तर इटलीत इव्रेआ नावाचं गाव आहे, ऑलिव्हेट्टी टाइपरायटरचं गाव. तिथल्या एका डिझाइन संस्थेत २००५ च्या सुमाराला मास्सिमो बांझी आणि त्यांच्या सोबत्यांनी विद्यार्थ्यांच्या खिशाला परवडेल असा एक बोर्ड तयार केला आणि ज्या बारमध्ये ही मंडळी बसत त्याचंच नाव त्याला देऊन टाकलं: आर्डुइनो. बारचं नाव अर्दुइन या राजावरून पडलेलं. हा अर्दुइन मुळात इव्रेआच्या सीमाप्रांताचा सरदार. १००२ साली इटलीचा राजा झाला. पुढे जर्मनीच्या दुसऱ्या हेन्रीने त्याला हटवलं. एका सीमाभागातल्या पडत्या काळाच्या राजाचं नाव हजार वर्षांनी दुसऱ्या सीमाभागात, शेणाने सारवलेल्या परड्याशेजारच्या सोप्यात, रोज संध्याकाळी घेतलं जातं; तेही “मामा, आर्डुइनोला हात लावू नका की, अजून गरम आहे” अशा स्वरात. इतिहासात यापेक्षा वाईट गोष्टी राजांच्या वाट्याला आल्या आहेत.

पहिली सुधारणा बॅटरीची झाली. लॅपटॉपच्या पोटात असतात तसे लिथियमचे दोन सेल आले. त्यांचं नाव १८६५०, आणि ते नाव म्हणजे त्यांचं मापच: १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी. माणसांची नावं अशी ठेवली असती तर लग्नं जमवणं सोपं गेलं असतं. सेल बसवल्यावर बसाप्पा बसायचा थांबला. सगळ्यांना आनंद झाला. आईला थोडा कमी. मात्र आता कळलं की मोटारींना करंट वाटून देणारा जो लाल बोर्ड आहे, पाठीवर काळ्या ॲल्युमिनियमची पिसं असलेला, तो मधल्या मध्ये जवळपास दोन व्होल्ट स्वतःच गिळतो आणि त्याची उष्णता करून टाकतो. मधल्या माणसाने वाटेत थोडं खाणं हे आपल्याकडे नवीन नाही. पण हा निदान तापून कबूल तरी करत होता. त्याच्या जागी नखाएवढा नवा बोर्ड आला, जवळजवळ काही न खाणारा. मोटारींना आयुष्यात पहिल्यांदा पोटभर वीज मिळाली आणि बसाप्पा जो सुटला तो थेट देव्हाऱ्याच्या पाटावर जाऊन आदळला. त्यानंतर काही दिवसांनी आतून कटकट असा आवाज येऊ लागला. पिवळ्या डबीतले गिअर प्लॅस्टिकचे. अर्धपोटी असताना त्यांची काही तक्रार नव्हती, पोटभर मिळाल्यावर दात झिजले. डॉक्टर लोक माणसांबद्दल जे सांगतात ते इथेही लागू होतं.

या पिवळ्या मोटारींना दुकानात बीओ मोटर म्हणतात. कुठल्याही दोन घ्या, एकसारख्या फिरत नाहीत. उजवी थोडी हौशी, डावी थोडी आळशी, त्यामुळे बसाप्पा सरळ सोडला तरी हळूहळू डावीकडे वळत जायचा. सोप्याच्या एका टोकाला सोडला की तो दुसऱ्या टोकाला न पोहोचता न चुकता आईच्या पाटाशी पोहोचायचा. इथे मला त्याच्या डोळ्यांबद्दल सांगायला हवं, कारण ते डोळे नाहीतच. चांदीच्या जाळीच्या त्या दोन वाटोळ्या डब्यांपैकी एक तोंड आहे आणि दुसरा कान. तोंड सेकंदाला ४०,००० कंपनांचा आवाज काढतं, कान त्याचा पडसाद ऐकतो, आणि मध्ये गेलेल्या वेळावरून समोरची भिंत किती लांब ते कळतं. वटवाघळाची विद्या, चाळीस-पन्नास रुपयांच्या वस्तूत. आपल्याला २०,००० च्या वरचं ऐकू येत नाही म्हणून आपण समजतो की बसाप्पा गप्प असतो. आमच्या मांजराचा तसा समज नाही. त्याला कितीतरी वरचं ऐकू येतं, त्यामुळे बसाप्पा चालू झाला की ते कान पाडून परड्यात निघून जातं. घरात एखादा माणूस अखंड बडबडतो आहे आणि बाकी सगळे त्याला शांत स्वभावाचा म्हणून वाखाणताहेत, अशी काहीशी त्या मांजराची घुसमट असावी.

तर या तोंडाला आणि कानाला भिंत कळते, पेटी कळते, पितळी तांब्या कळतो. कापड कळत नाही. मऊ, चुण्यांचं कापड आवाज पिऊन टाकतं, थोडाफार उरतो तो भलतीकडे परततो, आणि बसाप्पाची खात्री पटते की समोर मोकळं मैदान आहे. आई नऊवारी इरकली नेसते. म्हणून घरातल्या सगळ्या अडथळ्यांना वळसा घालून बसाप्पा डावीकडे झुकत झुकत यायचा आणि आईच्या पायांवर डोकं टेकायचा. पहिल्यांदा ती दचकली. मग तिला वाटलं, त्याला तसं शिकवलंय. भाचीने आवाजाची सगळी गोष्ट समजावून सांगितली. कंपनं, पडसाद, कापडाच्या चुण्या. आईने शांतपणे ऐकून घेतलं आणि खाली वाकून त्या लाल बोर्डावरून हात फिरवत म्हणाली, “औक्षवंत हो बाबा.” लाल बोर्ड तेव्हा अजून बदललेला नव्हता, आणि गरम होता. “ताप आलाय ह्येला,” असंही म्हणाली.

प्लॅस्टिकचे दात झिजले म्हणून धातूच्या गिअरच्या छोट्या मोटारी मागवल्या, मागे फेरे मोजणारी चकती असलेल्या. आणि वऱ्हाडातला मामा रुसला: नव्या मोटारीचा दांडा तीन मिलिमीटरचा, जुनी पिवळी चाकं त्यावर डगडगायला लागली. विकत मिळणारी चाकं होती, पण भाचीला हीच हवी होती. मला कामासाठी बेळगावला जायचंच होतं, तेव्हा एक मोटार आणि एक चाक खिशात टाकून उद्यमबागला गेलो. निपाणीहून कोल्हापूर जवळ, बेळगाव त्याच्या दुप्पट लांब, तरी लेथचं काम म्हटलं की मला उद्यमबागच आठवतं. वाटेत हत्तरगीपाशी विमानांचे सुटे भाग बनवणारे कारखाने लागतात. तिथे तयार झालेले तुकडे ढगांच्या वर जातात, आणि आपण बसच्या खिडकीतून बघत खिशातलं पिवळं चाक चाचपत असतो; त्या क्षणी आपल्या प्रश्नाचा आकार नीट कळतो.

उद्यमबागेत ओतीव लोखंडाचा आणि कूलंट तेलाचा जो एक मिसळलेला वास असतो, तो मला लहानपणच्या तंबाखूच्या वासासारखाच जवळचा वाटतो. ओळखीच्या एका टर्नरने जॉब हातात घेतला, व्हर्निअर लावला आणि विचारलं, “किती नग?” म्हटलं, “दोन.” “दोन हजार?” “न्हाई, दोन.” त्याने माझ्याकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं. दिवसभर पंपांचे बुश काढणारा माणूस. मग न बोलता ॲल्युमिनियमची कांडी चकमध्ये धरली. टूल लागताच पातळ, चमकदार वेटोळी सुटून त्याच्या बुटांवर पडू लागली. तीनचा बोअर, आडव्या अंगाने टॅप मारून एक ग्रब स्क्रू, कडेची धार कानसेने मोडून तो बोटावर फिरवून पाहिला. दांडा आत गेला तो असा की, आत जाताना कोंडलेल्या हवेने बारीकसा सुस्कारा टाकला. पैसे विचारले तर म्हणाला, “चहा सांगा की.” आणि चहा पिताना हळूच, “चालतंय का त्ये? व्हिडिओ पाठवा.” मोठ्या माणसांना खेळणं थेट मागता येत नाही.

परतीच्या आधी किर्लोस्कर रोडवरून चालत गेलो. त्या रस्त्यावरून जाताना मला नेहमी लक्ष्मणराव किर्लोस्करांचं सायकलींचं दुकान आठवतं, मी ते कधी पाहिलेलं नसूनही. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा हा माणूस. १८८८ साली भावाबरोबर बेळगावात सायकलींचा व्यवसाय सुरू झाला. लक्ष्मणराव मुंबईच्या तंत्रशाळेत शिकवत होते. बढतीची जागा त्यांना डावलून दुसऱ्याला दिली गेली तेव्हा नोकरी सोडून ते इकडे आले. सायकल दुरुस्त करता करता कडबा कापायचं यंत्र, आणि मग लोखंडी नांगर. म्हणजे नांगराचं अपग्रेडच. आणि काय झालं? शेतकरी म्हणाले, लोखंडाने जमिनीला विष चढतं. पहिले नांगर खपता खपेनात. मला त्या शेतकऱ्यांचं हसू येत नाही. पिढ्यानपिढ्या बाभळीच्या लाकडाशी ओळख असलेल्या मातीला तुम्ही एकदम थंड, निर्विकार लोखंड भिडवणार, तर तिच्या बाजूने कुणीतरी दोन शब्द बोलायला नकोत? पुढे १९१० मध्ये किर्लोस्करांना बेळगाव सोडून औंधच्या राजांच्या आश्रयाला जावं लागलं आणि माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावकडे रस्त्याचं नाव राहिलं.

नव्या मोटारींनी बसाप्पा सरळ चालू लागला. चकती फेरे मोजते, डावी मागे पडली की तिला ढकलते, उजवी पुढे गेली की तिला आवरते. मग शाळेच्या स्पर्धेसाठी त्याला रेषेवर चालायला शिकवायचं ठरलं. पांढऱ्या कागदावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवायची. पोटाखाली दोन सेन्सर. काळा रंग अवरक्त किरण गिळतो, पांढरा परत पाठवतो, त्यावरून रेषा कुठे आहे ते कळतं. दोनच सेन्सर असले की यंत्र झोकांड्या खात चालतं: डावीकडे भरकटलं, लक्षात आलं, उजवीकडे भरकटलं, परत लक्षात आलं. रेषेशी असं वागणं आमच्या भागाला परकं नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरमांडणी झाली तेव्हापासून आम्ही एका रेषेकडे डाव्या-उजव्या दोन्ही सेन्सरांनी बघत आलो आहोत. महाजन आयोगाने १९६७ मध्ये आपला अहवाल दिला, २००४ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि यंत्र अजून झोकांड्या खातंय. गंमत म्हणजे ती रेषा जमिनीवर कुठेच दिसत नाही. निपाणीची मुलं अर्जुननगरला देवचंद कॉलेजात जातात. कॉलेज महाराष्ट्रात, कागल तालुक्यात, आणि पत्ता लिहिताना व्हाया निपाणी. सकाळी राज्य ओलांडायचं, दुपारी जेवायला परत यायचं, आणि मध्ये ओलांडल्यासारखं काहीच वाटत नाही. बसाप्पाला तिथे नेऊन सोडलं असतं तर जागच्या जागी गोल फिरत राहिला असता. त्याला रेषा डोळ्यांना दिसावी लागते. भाचीने पुढे आठ सेन्सरांची पट्टी आणली आणि तो गुळगुळीत चालायला लागला. आयोगाला हे सुचलं नव्हतं.

सेन्सर वाढले तशा वायरी वाढल्या. प्रत्येक सुधारणेच्या वेळी प्लॅस्टिकच्या पट्ट्या कापायच्या, नव्या आवळायच्या, कचरा व्हायचा. एका संध्याकाळी आईने ते जंजाळ सरळ मांडीवरच्या सुपात ओढून घेतलं. आईने आयुष्यभर विड्या वळल्या. तिचं सूप अजून आहे. आता त्यात तांदूळ निवडले जातात. बोटांना मात्र अजून तंबाखूचाच हिशेब येतो. तेंदूच्या पानाचा तुकडा, चिमूटभर जर्दा, अंगठ्याखालून एक वळण, तोंड दुमडायचं आणि दोऱ्याचे वेढे देऊन मोकळं व्हायचं. हे हजारांच्या हिशेबाने, रोज, गप्पा मारत, कधी न बघता. त्याच दोऱ्याने तिने लाल वायरी लाल, काळ्या वायरी काळ्या अशा जुड्या बांधल्या, दर दोन बोटांवर एक वेढा. भाचीने विचारलं, “आजी, सुटणार नाही ना?” आई म्हणाली, “वड बघू.” ओढलं तर सुटेना, पण शेपटाचं टोक धरून उलट खेचलं की सगळा वेढा एका झटक्यात मोकळा. सतत उकलून पुन्हा बांधायच्या वस्तूला याहून चांगली गाठ कुठल्या दुकानात मिळणार? भाचीने मोबाइलवर जवळून चित्रण केलं, पण त्यात गाठ दिसत नाही. बोटं इतकी भराभर चालतात की एका क्षणी दोरा मोकळा आहे आणि पुढच्या क्षणी बांधलेला; मधलं काही नाहीच.

यानंतर जे झालं ते व्हायलाच हवं होतं, तांत्रिक दृष्टीने. आवाजाच्या जागी प्रकाश आला. दाण्याएवढा सेन्सर, डोळ्यांना न दिसणारा लेझरचा ठिपका टाकतो आणि तो परतायला किती वेळ लागला ते मोजतो. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात सुमारे ३० सेंटिमीटर जातो; असल्या वेळाचा हिशेब तो दाणा ठेवतो. प्रकाशाला कापड चालतं, चुण्या चालतात, इरकलीचे काठही चालतात. मांजर परड्यातून आत येऊन चुलीपाशी झोपलं, कारण घरात अखेर शांतता झाली होती. आणि बसाप्पा सोप्याच्या त्या टोकापासून सरळ, न झुकता, न तापता निघाला, आईच्या पायांपासून वीतभर अंतरावर थांबला, क्षणभर मापं घेतली आणि पाठ वळवून निघून गेला.

आई काही बोलली नाही. तिने पाय थोडे पुढे सरकवले. तो पुन्हा आला, पुन्हा वीतभर अलीकडे थांबला, पुन्हा वळला. “शिकला,” ती म्हणाली. शिकून मोठी झालेली, पुण्या-बंगळुरात राहणारी, दिवाळीला गाडीतून उतरून लांबूनच हात जोडणारी बरीच मुलं आमच्या गल्लीत आहेत. तिला नेमकं कोण आठवलं, मी विचारलं नाही.

काढलेले भाग भाचीने फेकले नव्हते. पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यात ते एकेक करून जमत गेले: लाल बोर्ड, झिजल्या दातांच्या पिवळ्या मोटारी, तोंड-कानाची जोडी, चौकोनी बॅटरी, वजनाने तडकलेली ॲक्रिलिकची फळी, कारण धातूच्या मोटारींचा भार तिला पेलला नाही आणि तिच्या जागी प्लायवूड आलं. मिलिंद राजाला नागसेन भिक्षूने विचारलं होतं, तू रथातून आलास म्हणतोस. रथ म्हणजे काय, चाक? आस? जू? राजाला प्रत्येक वेळी नाही म्हणावं लागलं. ग्रीकांकडेही अशीच गोष्ट आहे. थीसियसच्या जहाजाची कुजकी फळी काढून नवी बसवत राहिले, तर शेवटी ते जहाज तेच का? थॉमस हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने १६५५ मध्ये या प्रश्नाला एक खट्याळ शेपूट जोडलं: समजा, काढलेल्या जुन्या फळ्या कुणी जपून ठेवल्या आणि त्याच क्रमाने जोडून दुसरं जहाज बांधलं, तर मग खरं कुठलं? तत्त्वज्ञ मंडळी या शेपटाला साडेतीनशेहून जास्त वर्षं धरून आहेत. त्यांच्यापैकी कुणाकडे पेढ्यांचं खोकं नसावं.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत भाचीने खोकं उपडं केलं. तडकलेल्या फळीला खालून पट्टी मारली, झिजलेल्या दातांची मोटार डावीकडे बसवली, आणि चौकोनी बॅटरीच लावली. मी सेल सुचवले तर म्हणाली, “नको मामा, सगळं होतं तसंच.” वर्तमानपत्रावर दोन यंत्रं शेजारी शेजारी उभी राहिली. एकाला पहिल्यापासूनची पिवळी चाकं आणि बाकी सगळं नवं; दुसऱ्याला सगळं जुनं आणि चाकं तेवढी बाजारातून आणलेली. हॉब्जने एवढं गुंतागुंतीचं केलं नव्हतं. दुसरं यंत्र चालू केलं. ते चार बोटं गेलं, थांबलं, दिवा लुकलुकला, परत चार बोटं. डावीकडे झुकत, कटकटत, मांजराला परड्यात हाकलून ते पाटाशी पोहोचलं आणि इरकलीच्या चुण्यांत डोकं घालून बसलं.

“बसतोय त्यो बसाप्पा,” आईने निकाल दिला. “त्या दुसऱ्याचं नाव येगळं ठेवा.”

दुसऱ्याचं काय ठेवायचं यावर बरेच दिवस खल चालला. गल्लीतल्या नावांची यादी झाली, शास्त्रज्ञांची झाली. एकही चिकटेना, कारण ते यंत्र सरळ जायचं, वेळेवर थांबायचं, तापायचं नाही. भाची म्हणाली, “मामा, ह्याची काहीतरी खोड सापडू दे की आधी.” मग परवा सकाळी त्याला अंगणात नेलं तेव्हा ती सापडली: कडक उन्हात त्याला कमी दिसतं. उन्हातले अवरक्त किरण त्याच्या लेझरच्या ठिपक्याला बुडवून टाकतात, आणि ते तुळशी वृंदावनाला जाऊन भिडतं. आईला आनंद झाला. तिने लगेच दोन-तीन नावं काढली, सगळी तिच्या माहेरच्या, मोतीबिंदू झालेल्या नातेवाइकांची. त्यांतलं एक जवळजवळ ठरलंही होतं. पण तोवर भाचीने उन्हातही चालणारा सेन्सर मागवून टाकला होता. पार्सल कोगनोळी टोलनाक्याच्या अलीकडे आलंय, असं मोबाइल सांगतो.